भर दुपारची चूल

नवऱ्याला जंगलखात्यात नोकरी लागली आणि साताऱ्याकडची मी थेट नवेगावच्या बांधापाशी येऊन पडले, तीही ऐन उन्हाळ्यात. एवढं मोठं तळं उशाशी, तरी अंगाची नुसती काहिली. त्यात दारोदार मोहाची फुलं वाळत पडलेली, त्यांच्या वासाने माझं डोकं उठायचं. मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं, वडील भेटायला आले की त्यांच्याबरोबर सरळ माहेरी जायचं. मी तोंड उघडायच्या आत तेच म्हणतील, चल पोरी.

वडील आले ते भर दुपारी, आधी आगगाडीने आणि मग बैलगाडीने अंग खिळखिळं करून घेत. पोटात काही नव्हतं. नवरा पहाटेच डबा घेऊन जंगलात जायचा, त्यामुळे दुपारी चूल पेटवायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. त्या दिवशी पेटवली, आमटी चढवली. छपरातून धूर निघाला मात्र, शेजारच्या बाया घागरी घेऊन आत घुसल्या आणि त्यांनी चुलीवर पाणी ओतलं. आमटीसकट.

"आग लावून राहिली का गावाले?" त्यातली थोरली म्हणाली.

उन्हाळी वारा सुटला की इथे उजाडायच्या आत स्वयंपाक उरकून चुली विझवतात, कारण घरं सगळी गवताची. या बाया पहाटे धूर करायच्या ते मी रोज बघत होते, मला वाटायचं यांना झोपच नाही. पण कुणी एका शब्दाने सांगायचं की नाही? माझा नुसता संताप झाला. एक मात्र बरं झालं, म्हटलं, वडिलांनी सगळं डोळ्यांनी पाहिलं. आता ते मला इथे ठेवायचे नाहीत.

तर त्याच बाया परत आल्या. कुणी सकाळचा भात आणला, कुणी चिंचेचं सार, कुणी कैरीचं पन्हं. एक तर वडिलांना वारा घालत बसली. वडील पोटभर जेवले आणि वर त्या थोरलीला म्हणाले, लेक तुमच्या पदरात टाकली.

दुसऱ्या दिवशी गाडी जुंपून झाल्यावर ते उंबऱ्याशी थांबले.

"तुझी आई रोज रडते. आता सांगतो तिला, पोर आपल्या माणसांत आहे."

माझ्या लग्नापासून त्यांचा चेहरा इतका निवांत मी पाहिला नव्हता. आतल्या आत चरफडत मी म्हटलं, सांगा. आतल्या खोलीत माझी ट्रंक भरून तयार होती. ती त्यांना दिसू नये म्हणून मी दार अडवून उभी राहिले.