फोटोतली दाढी

बाजारात त्याला सगळे ठिपकेवाला म्हणत. लॅपटॉपचा फुटलेला स्क्रीन बदलला की नवा स्क्रीन तो आधी पूर्ण पांढरा करायचा, मग काळा, मग लाल, आणि भिंग लावून एखादा मेलेला, न उजळणारा ठिपका सापडतो का ते बघत बसायचा. पोराच्या डोक्यातल्या उवा शोधणारी आईसुद्धा इतकी चिवट नसते, असं शेजारचा शिंपी म्हणायचा. गिऱ्हाइकांशी त्याची रोजची हुज्जत एकच. "स्क्रीन कितीही भारी घ्या, फोटोतच नाही ते तो कुठून दाखवणार?"

हे शहाणपण बहिणीपुढे मात्र टिकलं नाही.

तिच्या नवऱ्याला विसरण्याचा आजार होता. एका दुपारी दार उघडं राहिलं आणि भावोजी निघून गेले. दोघांनी मिळेल त्या भिंतीवर त्यांचा जुना फोटो चिकटवला. बाराव्या दिवशी पोलिसांनी एका बसस्थानकावरच्या कॅमेऱ्यातलं चित्र दिलं. दोघं लगेच तिथे धावली, पण भावोजी तिथून निघून गेले होते. दुकानात चित्र उघडलं, तर शर्ट त्यांचाच, खांदे त्यांचेच, चेहऱ्याच्या जागी मात्र धूसर डाग.

"तुझा स्क्रीन जुनाट आहे," ताई म्हणाली. "चांगल्यावर लाव ना."

दुरुस्तीला आलेला एक महागडा लॅपटॉप त्याने उघडला. त्यावर ठिपके दाट आणि बारीक, त्यामुळे चित्र उलट काडेपेटीएवढं झालं. मोठं केलं तर नुसते चौकोन. ताईने ओढणीने स्क्रीन पुसला, मग आपले डोळे पुसले, मग पुन्हा स्क्रीन.

"जरा स्पष्ट कर रे. तुला येतं सगळं."

त्याला ते बघवेना. चित्रातल्या कडांची धार वाढवायची सोय असते, ती त्याने वापरली. आणखी वाढवली. गडद ते काळं झालं, फिकट ते पांढरं झालं. नाकाला कड आली. हनुवटीखालची सावली गालांवर चढली.

"दाढी वाढलीय रे त्यांची!" ताईला हुंदका फुटला. "किती हाल झालेत."

ती सावली आहे, हे ठिपकेवाल्याच्या जिभेवर आलं होतं. पण बारा दिवसांत पहिल्यांदाच तिला नवरा दिसला होता. त्याने तेच चित्र छापून आणलं. मग तिच्याबरोबर हिंडून त्याने स्वतःच्या हाताने जुने कागद फाडले आणि दाढीवाले लावले.

तीन आठवडे कुणाचा फोन आला नाही. शेवटी दोघं पुन्हा त्या बसस्थानकावर गेली. झाडणाऱ्या मावशींना ताईने मोबाईलमधला जुना फोटो दाखवला.

"हे? हे तर अलीकडे आठ-दहा दिवस इथेच बसायचे. परवा कुठल्याशा गाडीत चढले, मग दिसले नाहीत."

"मग कळवलं का नाही? कागद लावलाय ना समोर!" ठिपकेवाला ओरडलाच.

"त्यातल्या माणसाला दाढी आहे," मावशी गोंधळून म्हणाल्या. "हे रोज सकाळी त्या नळावर दाढी करायचे. अगदी गुळगुळीत."

ठिपकेवाला खाली बसला. ताई रागावेल, निदान हात तरी उगारेल, म्हणून तो मान खाली घालून वाट बघत राहिला.

"माझं नाव विसरले, पोरांची विसरले, पण दाढी कधी चुकवली नाही त्यांनी," ती हळू आवाजात म्हणाली. "मला ठाऊक होतं रे. पण तुझ्या फोटोत इतकं स्पष्ट दिसत होतं."