मॉर्विदच्या मेंढ्यांचे कान

पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या वेल्श वस्तीत माणूस भेटला की आधी विचारतात, तू कुणाचा? मग तो बापाचं नाव सांगतो, बापाच्या बापाचं सांगतो आणि आठ-नऊ पिढ्या मागं जाऊन वेल्समधल्या एखाद्या डोंगरावर पोचतो, तेव्हा कुठं त्याला ताकाचा पेला मिळतो. मॉर्विदचा व्याही एलिस तर कुणी विचारायचीही वाट बघत नसे. लग्न असो, मयत असो, याचा पूर्वजांचा पाढा सुरू.

मॉर्विदचा पाढा मात्र एका नावात संपायचा. "मी मॉर्विद, हॉवेलची." आणि हॉवेल कुणाचा? ते तिला ठाऊक नव्हतं.

पाचेक वर्षांची असताना ती आईबापाबरोबर जहाजावर चढली होती. वाटेत ताप आला आणि दोघंही समुद्रातच राहिली. जहाजावर तिच्या खोऱ्यातलं कुणीच नव्हतं. गेनोर म्हणून एक विधवा होती, दक्षिणेकडची, हिच्या मुलखाकडं ती कधी फिरकलीही नव्हती. तिनं पोरीला आपल्या शालीत घेतलं आणि किनाऱ्याला लागल्यावर सोडलं नाही, एवढंच नातं. तुझं घर कुठं, विचारलं की पोर म्हणायची, "डोंगरावर." आता वेल्समध्ये डोंगरावर कोण नाही?

रडं थांबावं म्हणून गेनोरनं चिंध्यांचं कोकरू शिवून दिलं. पोरीनं ते हातात घेऊन पाहिलं आणि परत दिलं. "हे आमचं नाही. आमच्यांचे कान असे नसतात." मग तिनं बोटानं दाखवलं. उजव्या कानाचं टोक सरळ कापलेलं, डाव्याला खालच्या बाजूनं एक खाच. गेनोर मेंढपाळाचीच लेक, तिला काय ते कळलं. घराण्याची खूण होती ती. बापाकडून मुलाकडे जाते, दुसऱ्या कुणी वापरली तर डोकी फुटतात. तिनं कात्री घेतली आणि चिंध्यांच्या कोकराचे कान तसे कापून दिले.

पुढं मॉर्विदला पहिलं खरं कोकरू मिळालं तेव्हा गेनोर म्हणाली, "तुझ्या बापाची खूण घाल." शेजारी हसले. एका घरात दोन खुणा कोण ठेवतं? दर हंगामाला कळप निवडताना गेनोरची कंबर मोडायची. पण तिचं एकच म्हणणं, "पोरीचं घर आता तेवढंच उरलंय. तेही मी कापून टाकू?" मॉर्विदचं लग्न झालं, गेनोर गेली, मॉर्विदचे केस पिकले, पण तिच्या कळपाचे कान तसेच राहिले.

त्या वर्षी मॉर्विदला पहिला नातू झाला. त्यांच्या घरची रीत अशी की बाळाला पहिल्यांदा उंबऱ्याबाहेर आणलं की आजी-आजोबांनी आपापली वंशावळ त्याच्या कानात म्हणायची. लोकर कातरायला सगळी वस्ती जमते, तोच दिवस ठरला. एलिस तर आठवडाभर घसा साफ करत होता.

"विहीणबाई, तुमचं लवकर आटपेल," तो म्हणाला. "आधी तुम्हीच घ्या उरकून. माझ्या वेळेला पोरगं झोपलं नाही म्हणजे मिळवलं!"

"झोपेलच ते. तुमचे पूर्वज ऐकताना मोठी माणसंसुद्धा डुलक्या घेतात," मॉर्विद म्हणाली. बोलली हसून, पण आत तुटलं तिच्या. नातवाच्या कानात एकच नाव सांगायचं, आणि त्याच्या पुढं नुसता समुद्र.

तेवढ्यात गोठणावर आरडाओरडा झाला. नुकत्याच आलेल्या जहाजानं ग्रिफिद नावाचा एक म्हातारा पुतण्याकडे आला होता. हात रिकामे राहवेनात म्हणून कातरायला बसला. पहिलीच मेंढी मांडीखाली घेतली, कान बघितले आणि ओरडला, "चोर! चोर आहेत इथं! रीसची मेंढी आहे ही!"

"कोण रीस?"

"काळ्या टेकडीवरचा! माझ्या कुंपणापलीकडचा! हे कान मला शिकवता? इथं कुणी आणली ही?"

पुतण्या शरमेनं लाल झाला. "काका, मध्ये महासागर आहे. मेंढी चोरून इथवर कोण आणेल?"

"चोराला महासागराचं काय! मी म्हातारा आलो ना? ती तर चार पायांची आहे!"

सगळे पोट धरून हसले. हसली नाही ती मॉर्विद. ती त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली. "बाबा, मेंढी माझी आहे. खूण माझ्या बापाची. हॉवेल त्याचं नाव. रीसला असा मुलगा होता का?"

म्हाताऱ्याच्या हातून कातर खाली पडली. त्यानं तिचं तोंड निरखून बघितलं. "भावाशी भांडून गेला तो. बायको आणि चिमुरडी पोर घेऊन. रीसची बायको मरेपर्यंत विचारायची, बंदरावरनं कुणी आलं का, माझ्या हॉवेलचं काही कळलं का." त्यानं मांडीखालची मेंढी सोडून दिली. "चिमुरडी म्हणजे तू होय गं?"

मॉर्विद मटकन खाली बसली आणि लहान पोरीसारखी रडली. आपली कुणी वाट बघत होतं, हे ऐकायला तिला अख्खं आयुष्य लागलं होतं.

मग म्हाताऱ्यानं नावं सांगितली. हॉवेल रीसचा, रीस मादॉगचा, मादॉग इथेलचा. शेजाऱ्याची वंशावळ तोंडपाठ नसेल तर तो शेजारी कसला! सांगत गेला, आणि मॉर्विद एकेक नाव ओठांत घोळवत गेली. एलिस तोंड मिटून ऐकत होता. असं आजवर घडलं नव्हतं. शेवटी टोपी काढून म्हणाला, "विहीणबाई, आधी तुम्ही. आणि सावकाश."

सुनेनं बाळ मॉर्विदच्या हातात दिलं. तिनं त्याच्या कानाशी तोंड नेलं, पण आवाज सगळ्यांना ऐकू गेला. "मी मॉर्विद, हॉवेलची आणि गेनोरची. हॉवेल रीसचा—"

"थांब, थांब," ग्रिफिद म्हणाला. "ही गेनोर कोण? काळ्या टेकडीवर अशी कुणी नव्हती."

"नव्हतीच. तिनं मला वाढवलं."

"मग रक्ताची नाही. वंशावळीत बायका घेत नाहीत, आणि परक्या तर नाहीच नाही. मोडते ती अशानं."

"बाबा, तुम्ही मला ओळखलंत कशावरून?"

"कानांवरून. दुसरं काय?"

"बाप गेला तेव्हा माझं वय पाच. त्या कानांवर इतकी वर्षं दुसरी खूण का नाही पडली, ते सांगा."

म्हाताऱ्यानं कळपाकडे बघितलं. पोरं मेंढ्या सोडत होती आणि कातरलेल्या, उघड्या पडलेल्या त्या मेंढ्यांचे कान उन्हात स्पष्ट दिसत होते. मग तो हात पुसून पुढं आला, बाळाच्या दुसऱ्या कानाशी वाकला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "मॉर्विद, हॉवेलची आणि गेनोरची. चल पोरी, पुढचं तू म्हण."