सासूबाईंना क्लबवाली व्हायचं होतं

आमच्या लालबागच्या चाळीचा टॉवर झाला, तरी सत्यनारायणाच्या पूजेला बायकांचं नाटुकलं बसवायची पद्धत काही सुटली नाही. यंदा विषय ठरला जुना हिंदी सिनेमा, आणि लिहायचं काम आलं माझ्या गळ्यात. साचा तयारच होता म्हणा. सोशिक नायिका, तिचा भरकटलेला नवरा आणि त्याला नादी लावणारी क्लबातली बाई. ही बाई शेवटी त्या नवऱ्यावर झाडलेली गोळी स्वतः झेलते, नायिकेच्या मांडीवर डोकं ठेवून माफी मागते आणि मरते. क्लबातली बाई धडधाकट घरी गेलेली मी तरी कुठल्या जुन्या सिनेमात पाहिलेली नाही.

पण नायिका व्हायला एक बया तयार होईल तर शपथ! "शी, नुसतं रडायचं आणि तुळशीला पाणी घालायचं?" प्रत्येकीला हवा होता चमचमता पदर आणि नाच. शेवटी नायिका माझ्याच बोकांडी बसली. क्लबवालीसाठी चिठ्ठ्या टाकायचं घाटत होतं, तेवढ्यात आमच्या सासूबाई म्हणाल्या, "ती मी करणार."

सासूबाई सत्तरीच्या. सासरे ऐन तारुण्यात गेले, आणि तेव्हापासून चाळीच्या दर नाटकात यांना एकच रोल, पांढऱ्या साडीतली आई. खोकायचं, शिलाई मशीन चालवायची आणि मुलाला आशीर्वाद द्यायचा. विचारलं कुणी कधी, की बाई गं, तुला काय करायचंय?

घरी माझ्या नवऱ्याने डोक्यात राख घालून घेतली. "आई, या वयात? तसली साडी नेसून? लोक काय म्हणतील!"

"मला एकदा करायचंच आहे रे. पांढऱ्या साडीचा कंटाळा आलाय."

"मग मी बघायला येणार नाही."

त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. मला असा संताप आला, की दोन दिवस मी त्या माणसाशी धड बोलले नाही. त्यांना मात्र घेऊन गेले दादरला, भाड्याने कपडे देणाऱ्या दुकानात. दुकानदाराने न विचारताच पांढरी साडी पुढे केली. "आजींसाठी ना?"

"ती ठेव आत," सासूबाई म्हणाल्या, "सोनेरी दाखव."

पूजेच्या संध्याकाळी नवरा आलाच. मागे, खांबाला टेकून उभा, हाताची घडी घालून. सासूबाईंनी गुडघ्याला पट्टा बांधून असा काही नाच केला, की बायकांनी शिट्ट्या मारल्या. मग टिकल्यांचं पिस्तूल वाजलं. मी मांडी घालून तयार. बाई आपल्या ताठ उभ्या! तालमीत दर वेळी शहाण्यासारख्या मरत होत्या हो!

"आई, पडा ना," मी दातओठ खात कुजबुजले.

त्यांनी माइक तोंडाशी धरला आणि थेट मालवणीत ठणकावलं, "माका मरूचा नाय!"

पिस्तूलवालीने गडबडून पुन्हा टिकली उडवली. "नाय म्हणजे नाय!" म्हणत बाई पदर उडवत स्टेजवरून चालत्या झाल्या. माफीबिफी काही नाही. लोकांनी टॉवर डोक्यावर घेतला, आणि मी रिकामी मांडी घेऊन बसलेली.

घरी आल्यावर त्या सोनेरी साडीतच चहाला बसल्या. नवऱ्याला हसू आवरत नव्हतं. "एवढं सगळं शिकलीस कुठे गं?"

"तुझ्या बाबांबरोबर, थेटरात. त्या क्लबवालीचं गाणं लागलं की ते खुर्चीवर उभे राहून शिट्ट्या मारायचे, पडद्यावर नाणी उधळायचे. आणि दिवे लागले की मला सांगायचे, पदर नीट घे."

नवऱ्याचं हसू मावळलं. सासूबाईंनी बशीतला चहा संपवला.

"एक तरी शिट्टी माझ्यासाठी मारतील, असं वाटायचं रे."