उषाताईंनी मागितलेली दहा मिनिटं

माकुणसारच्या उषा सावे यांना खरं तर शाळेत बाई व्हायचं होतं. पण डी.एड.चा फॉर्म भरायची तारीख हुकली आणि वर्ष वाया नको म्हणून वडिलांनी नर्सिंगचा फॉर्म आणून पुढ्यात ठेवला. घरी केळीची वाडी. रक्त पाहिलेलं ते विळ्यानं बोट कापल्यावर, तेवढंच. पहिल्या आठवड्यात त्या वॉर्डात दोनदा चक्कर येऊन पडल्या. आज चौपन्नाव्या वर्षी त्या बोईसरच्या एका तीस खाटांच्या दवाखान्यात मेट्रन आहेत आणि नव्या नर्स मुली त्यांना चळाचळा कापतात.

मधली अकरा वर्षं त्यांनी मनोरुग्णालयात काढली. लोक विचारतात, भीती नाही वाटली? त्या म्हणतात, "माणसांची नाही वाटली. आपल्याच घाईची वाटायची."

त्यामागे आत्माराम आहे. तो तिथल्या त्यांच्या वॉर्डातला जुना पेशंट. रोज सकाळी सांगायचा, माझ्या पोटात साप आहे. एके दिवशी म्हणाला, "सिस्टर, आज साप चावला." उषाताईंनी रोजच्यासारखं "बरं हं" म्हटलं, गोळ्या दिल्या आणि पुढच्या खाटेकडे वळल्या. दुपारी त्याला सणसणून ताप भरला. आतडं फुटलं होतं. तिसऱ्या दिवशी तो गेला. त्यांना कोणी बोल लावला नाही, पण त्यांनी स्वतःला लावायचा तो लावलाच. तेव्हापासून पेशंट काहीही बोलत असो, त्या आधी नाडी, ताप, बीपी आणि साखर बघतात. बाकीचं नंतर.

गेल्या मे महिन्यात शिरगावच्या मैनाबाईंना रिक्षातून आणलं. वय बासष्ट, जन्म सुकी मासळी विकण्यात गेलेला. दोन्ही हात ओढणीनं बांधलेले. सोबत मुलगा सुजीत, तारापूरच्या एका कारखान्यात कामाला.

"आईला जुना आजार हाय, सिस्टर," तो म्हणाला. "वीस वरसं गोळी चालू हाय, चांगली होती. तीन दिवस झाले, परत डोकं फिरलंय. लाथा मारते. मला पण ओळखत नाय."

ड्युटीवर डॉक्टर धर्मेश होते. बाहेर पेशंटची रांग लागलेली. त्यांनी दारातूनच पाहिलं. "सिस्टर, शांत करायचं इंजेक्शन भरा. मग मनोरुग्णालयात पाठवू."

"भरते डॉक्टर. पण आधी मला दहा मिनिटं द्या. मला हा जुना आजार वाटत नाही."

त्यांनी पहिल्यांदा ओढणी सोडली. मग स्टूल ओढून मैनाबाईंच्या डोळ्यांसमोर येईल असं बसल्या. "मैनाबाई, मी उषा. नर्स आहे. तुमचा हात धरते, चालेल?"

"शेवंते," मैनाबाई जड जिभेनं म्हणाल्या, "जवला वालला का नाय?"

"शेवंती नाही, मी उषा. तुम्ही दवाखान्यात आहात. सुजीत इथंच उभा आहे."

हातात घेतलेला तो हात असा थडथड उडत होता की पाण्याचा पेला तोंडापर्यंत पोचेना. ताप नव्हता, साखर ठीक होती, नाडी मात्र जलद आणि बीपी कमी. जीभ कोरडी ठाक. उठवून उभं केलं तर पाय भलतीकडेच पडत होते.

"पूर्वी आजार उसळला की कशा वागायच्या?" त्यांनी सुजीतला विचारलं.

"खूप बोलायची. गाणी म्हणायची. झोपायचीच नाय."

"आणि आता?"

सुजीतनं आईकडे पाहिलं. "आता तर शबूद पण नीट फुटत नाय."

त्याच्या हातातल्या पिशवीत गोळ्यांची दोन पाकिटं होती. एक वीस वर्षं चालू असलेल्या, मनाच्या आजारावरच्या लिथियमच्या गोळ्यांचं. दुसरं गुडघेदुखीच्या गोळ्यांचं, आठवड्यापूर्वी मेडिकलमधून आणलेलं. चार दिवस जुलाब होते, तरी मैनाबाई उन्हात जवळा, ती बारीक कोळंबी, वाळवायला बसत होत्या. हे सगळं सांगून झाल्यावर सुजीत खाली बघत म्हणाला, "परवापासून मी डोक्याची गोळी एक जास्त दिली."

उषाताई डॉक्टरांकडे गेल्या. "लिथियम अंगात साठलंय असं वाटतं. ऊन आणि जुलाबानं अंगातलं पाणी गेलं, दुखण्याच्या गोळीमुळे मूत्रपिंडं ते बाहेर टाकेनात, वर जादा डोस. आत्ता इंजेक्शन दिलं तर त्या झोपतील आणि आपल्याला काही कळायचं नाही."

डॉक्टर उठून आले, त्यांनी हात बघितला. "बांधलेले होते म्हणून थरथर मला दिसलीच नाही." त्यांनी गोळ्या थांबवल्या, सलाइन लावलं, ईसीजी काढला, रक्त तपासणीला पाठवलं. वेळ आली तर डायलिसिस करता यावं म्हणून मोठ्या रुग्णालयाशी बोलून ठेवलं. लघवी किती होते, भान कितपत आहे, हे तासातासाला लिहून ठेवायचं काम उषाताईंनी स्वतःकडे घेतलं. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. लिथियम सुरक्षित पातळीच्या दुपटीवर गेलं होतं. पण लघवी नीट होऊ लागली होती आणि डायलिसिसची वेळ आली नाही.

चौथ्या दिवशी मैनाबाईंनी मुलाला विचारलं, "कामाला नाय गेलास?"

तो उठून व्हरांड्यात गेला. उषाताई मागोमाग. "मीच आईला विष दिलं," तो म्हणाला.

"तू तिला बरं करायला बघत होतास. तुला कोणी नीट सांगितलं नाही, ती चूक आमची. आता सांगते, बस." मैनाबाईंना तपासून गेलेल्या मनोविकारतज्ज्ञांनी गोळी कमी करून दिली होती. ती मनानं वाढवायची नाही, मनानं बंदही करायची नाही. पाणी भरपूर, मीठ नेहमीइतकंच, ठरल्या वेळी रक्त तपासायचं. जुलाब-उलट्या झाल्या की लगेच फोन. दुखण्याची कुठलीही गोळी विचारल्याशिवाय नाही. हे सगळं त्यांनी त्याच्याकडून तीनदा वदवून घेतलं. व्हायचं होतं शाळेत बाई, ते असं झालं.

महिन्याभरानं एका रविवारी त्या शिरगावला मैनाबाईंकडे गेल्या. म्हातारी चहा पुढं करून बराच वेळ पदराशी चाळा करत राहिली.

"बाय, मी तुला शिव्या दिल्या म्हनं."

"दिल्या ना. जीभ सुटल्यावर चांगल्या दोन दिवस दिल्या. त्यातल्या एक-दोन तर मला नव्याच होत्या."

"कंच्या गो?"

उषाताईंनी वाकून कानात सांगितल्या. मैनाबाई तोंडाला पदर लावून हसायला लागल्या, उषाताईही हसत सुटल्या. सुजीत आतून येऊन विचारत होता, काय झालं, पण त्याला कोणी सांगितलं नाही.