डबल बेल

आमच्या सकाळच्या रत्नागिरी गाडीच्या कंडक्टरचं नाव मला आजही माहीत नाही. कानामागे पेन आणि तिकीट देताना सीटच्या दांड्यावर बोटांनी ठेका धरायची सवय, एवढीच त्याची ओळख.

त्या दिवशी मी भलतीच खुशीत होते. माझ्या आवडत्या इलेक्ट्रॉनिक बँडची अगदी सुरुवातीची, प्रयोग म्हणून केलेली रेकॉर्डिंग्ज मला अखेर मिळाली होती. नुसती घरघर, टकटक, मध्येच एखादी शिट्टी; पण मला जागेवर बसवेना.

"ताई, काय एवढं ऐकताय?" म्हणत कंडक्टरने माझा एक इअरफोन काढून आपल्या कानात घातला. मला वाटलं, हसेल. पण त्याचे डोळे चमकले.

"ह्यांना गाणं अजून गावलेलं नाय," तो म्हणाला. "शोधतायत. म्हणून तर मजा!"

आणि रंगात येऊन त्याने बेलची दोरीच त्या ठेक्यात ओढायला सुरुवात केली. एक बेल म्हणजे थांब, डबल बेल म्हणजे चल. गाडी थांबली, निघाली, पुन्हा थांबली. मासेवालीची टोपली घसरली, अख्खी गाडी ओरडली.

"अरे, थांबू की जाऊ?" ड्रायव्हर गरजला.

इअरफोन न काढताच तो ओरडला, "जरा दम धर! अजून ठरत नाय!"