चुलीपाशी माईंची जागा

भाऊबीजेला मी चांदवडला भावाकडे गेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी नाशिकहून आलेल्या मोटारीच्या ड्रायव्हरने निरोप आणला, "पंचवटीतल्या तुमच्या मोठ्या जाऊबाई गेल्या." मी तशीच निघाले. घरी पोचले तेव्हा माणसे गंगेवरून, म्हणजे आमच्या गोदावरीवरून, परतून अंगणात पाय धूत होती. माईंचे तोंड मला पाहायला मिळाले नाही...

निघताना त्यांना सांगायला गेले होते. त्यांची जीभ जड झाली होती, बोलणे मला एकटीलाच कळायचे. म्हणाल्या, "जा, ओवाळून ये. मी कुठे पळून जाते? पळता आले असते तर आधी चुलीकडे पळाले असते." आणि हसल्या. हसतानाही तोंड एका बाजूला ओढले जाई, म्हणून चटकन भिंतीकडे वळल्या.

माझे शिक्षण मराठी चौथीपर्यंतचे. चार माणसांत तोंड उघडायला मी भिते. लग्न होऊन या घरात आले तेव्हा माझ्या वाटचे माईच बोलायच्या. आमच्याकडे यात्रेकरूंची ये-जा फार. कधी पाच माणसे जेवायला, कधी पंचवीस. तो सगळा सोवळ्याचा स्वयंपाक माईंच्या हातचा. पहाटे न्हाऊन सोवळ्याचे लुगडे नेसायचे, आणि मग जेवणे उरकेपर्यंत सोवळ्यात नसलेल्या कुणी त्यांना शिवायचे नाही.

पहिल्यांदा बिघडली ती चोळीची गाठ. चाळिशी नुकतीच उलटली होती त्यांची. एका पहाटे न्हाणीघराच्या दाराआडून हाक आली, "इंदू, जरा इकडे ये गं." जाऊन पाहते तर माई ओल्या केसांनी उभ्या, चोळीची टोके दोन हातांत, आणि बोटे काही केल्या वळत नव्हती. "थंडीने आखडलीत," म्हणाल्या. पण तेव्हा चैत्र होता. पुढे निऱ्याही हातातून निसटू लागल्या.

मी त्यांच्या आधी न्हाऊन सोवळे नेसू लागले, म्हणजे मला त्यांना शिवता येई. गाठ मी मारायची, निऱ्या मी खोचायच्या, काष्टा मी घालायचा, आणि बाहेर कुणाला पत्ता नाही. सासूबाई म्हणायच्या, "धाकटीला आताशा फार सोवळे सुचायला लागले! पुण्य साठवतेस का गं?" माई मागून म्हणायच्या, "साठवू दे, मला थोडे उसने घेता येईल." आम्ही दोघी खाली मान घालून हसायचो. पण एकदा गाठ मारता मारता माझा हात धरून म्हणाल्या, "इंदू, पदरात पोर नाही. या घरात माझे काय आहे, तर ही चूल. तीही गेली तर मी कोण?"

मामंजींच्या श्राद्धाच्या दिवशी नेमकी मी बाजूला बसले होते. त्या दिवसांत बाईने कुणाला शिवायचे नसते, मग श्राद्धाच्या सोवळ्यातल्या बाईला शिवणे तर दूरच. मी मागच्या पडवीत होते. तिथून दारातून चूल दिसते. माई एकट्याने कशाबशा नेसल्या होत्या. काष्टा सैल, निऱ्या पायात येत होत्या. सासूबाई देवघरात. मी दारातून हलकेच म्हटले, "माई, आज सासूबाईंना सांगा ना." त्यांनी मानेनेच नको म्हटले. भाताचे तपेले उतरवून त्या वळल्या, आणि निऱ्या सुटल्या. पाय अडकला. तपेल्यासकट चुलीकडे कलल्या. मला उठताना पाहून ओरडल्या, "शिवू नकोस! इंदू, शिवू नकोस!"

मी त्यांना कवेत घेतले. भात जमिनीवर सांडला, माई वाचल्या.

सासूबाई धावत आल्या. "अगं मेले, काय केलेस हे!" शिजलेले सगळे टाकावे लागले. घर सारवून, शेजारच्या काकूंना बोलावून पुन्हा चूल पेटवली. ब्राह्मण दिवस कलेपर्यंत उपाशी बसले. मला वाटले होते, सगळे माझ्यावर येईल. पण सासूबाईंनी माईंच्या सुटलेल्या लुगड्याकडे पाहिले आणि त्या माईंना म्हणाल्या, "उद्यापासून तू चुलीपाशी यायचे नाहीस."

"बसल्या बसल्या पोळ्या तरी लाटीन..."

"कुठल्या हातांनी?"

त्या संध्याकाळी माई पडवीपासून चार हातांवर येऊन बसल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पडू द्यायचे होतेस गं." पुन्हा तसेच झाले तर पुन्हा धरीन, एवढेच कळते.

वैद्यांनी वात म्हटले, एका डॉक्टरांनी नसा सुकताहेत म्हटले. उपाय कुणाकडेच नव्हता. माई माजघरातल्या चटईवर आल्या. आधी फणी सुटली, मग पाण्याचे भांडे, मग हाताने जेवणे. मऊ भाताचे लहान घास करून मी भरवायची. कुणी आले की तोंड मिटून घ्यायच्या. पुढे पाणीही नको म्हणू लागल्या, कारण पाणी प्यायले की कुणीतरी उचलून परसात न्यावे लागे. उन्हाळ्यात ओठ फुटले तरी नको. मी रडून पाजायची. मोठे भावजी, माईंचे यजमान, दारापर्यंत येत, उभे राहत आणि निघून जात.

माईंचे तेरा दिवस झाले तेव्हा सासूबाईंनी मला सांगितले. मी चांदवडला गेले त्या सकाळी माईंनी त्यांना विचारले होते. शब्द लागत नव्हते, म्हणून नजरेने स्वयंपाकघर दाखवत होत्या. घटकाभर तिथे नेऊन बसवा, एवढेच मागणे. "मी म्हटले, सणाचे सोवळे आहे, उद्या बघू."

आता स्वयंपाक माझ्याकडे आहे. पहाटे न्हाऊन आत जाते तो चुलीच्या उजव्या अंगाला, माई बसायच्या तिथे, पाट मांडलेला असतो. पहिल्यांदा मी तो उचलून भिंतीशी उभा केला. पाणी घेऊन आले तर पुन्हा तिथेच, आणि सासूबाई पाठमोऱ्या भाजी चिरत होत्या. तेव्हापासून मी त्याला हात लावत नाही. स्वयंपाकघर लहान, पाटाने चुलीपुढची निम्मी जागा अडते. आम्ही दोघी उरलेल्या जागेत अंग चोरून बसतो, आणि पाटावर कुणी बसत नाही.