एकसारखे दोन फोन

देवळात गाऱ्हाणं चालू होतं. पुढे उभे असलेले म्हातारे मानकरी गावाच्या वतीने देवाला एकेक मागणं सांगत होते आणि प्रत्येक मागण्यामागून आम्ही सगळे हात जोडून 'व्हय महाराजा' म्हणत होतो. अशा वेळी आपला फोन वाजू नये एवढी अक्कल मला आहे. म्हणून मी खिशात हात घालून तो बंद करायला गेलो. फोन नवा होता. नवा म्हणजे नुसता नवा नव्हे, जातच वेगळी. इतकी वर्षं अँड्रॉइड वापरून मी आठवड्यापूर्वी आयफोनवाला झालो होतो. बंद करायचं बटण कुठलं ते आठवेना, म्हणून दोन्ही बाजूंची बटणं एकदम दाबून धरली. काहीतरी होईलच, असा हिशोब.

झालं. खिशातून भोंगा सुरू झाला. अग्निशामक दलाची गाडी देवळात शिरावी तसा. मी फोन बाहेर काढून दाबतोय, चोळतोय, उलटा करतोय, आणि तो थेट पोलिसांच्या मदत क्रमांकाला फोन लावून मोकळा झाला. पलीकडून एक बाई शुद्ध मराठीत विचारू लागल्या, "आपल्याला कोणत्या प्रकारची मदत हवी आहे?"

"मदत नको हो, फोन बदललाय," मी म्हणालो.

"मग आधी शिकून घ्या, काका," असं म्हणून बाईंनी फोन ठेवला.

मानकऱ्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं, डोळे मिटले आणि त्याच सुरात पुढे सांगितलं, "तसाच ह्येच्या फोनाची पण राखण कर रे महाराजा!"

सवयीने सगळे म्हणाले, "व्हय महाराजा!" मीसुद्धा म्हणालो.

बायकांच्या बाजूला माझी बायको उभी होती. एरवी असल्या प्रसंगावर ती तोंडाला पदर लावून हसते आणि मग दोन दिवस ते प्रकरण पुरवून पुरवून वापरते. त्या दिवशी ती हसली नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं, पण मी बटणं शोधण्यात गुंतलो होतो.

आचऱ्याच्या बाजूला, समुद्राला लागून, माडांच्या बागेत आमचं घर आहे. मागच्या अंगणात दोन खोल्या बांधून आम्ही पर्यटक ठेवतो. जेवण ती करते. बुकिंग घेणं, फोटो काढणं, पाहुण्यांना वाट सांगणं ही कामं माझी. म्हणजे घाम तिचा आणि रुबाब माझा. मुलगी पुण्याला नोकरीत. घरात आम्ही दोघंच.

काही वर्षांपूर्वी कणकवलीच्या एका दुकानातून आम्ही दोघांसाठी एकसारखे फोन घेतले होते. एकच कंपनी, एकच रंग. ओळखायला म्हणून तिने आपल्या फोनाला लाल कव्हर घातलं. तरी मी एकदा तिचा फोन घेऊन मालवणच्या बाजारात गेलो आणि तिच्या धाकट्या बहिणीचं सासूपुराण दुपारपर्यंत ऐकून आलो. एका शब्दाने मध्ये बोलायची संधी मिळाली नाही, त्यामुळे ऐकणारा मी आहे हे तिला आजतागायत ठाऊक नाही.

पण त्या एकसारखेपणाचा मला एक फायदा होता. दुपारी पाहुणे जेवून आडवे झाले, भांडी झाली की बायको पदराला हात पुसत पडवीत यायची आणि माझ्यापुढे फोन धरायची.

"अवो, ह्यां बगा मा. फोटो खंय गेले?"

मी चष्मा वर सरकवायचो, एक लांब सुस्कारा सोडायचो आणि जगाचा भार माझ्यावरच आहे अशा आवाजात म्हणायचो, "परत गेले? अरे देवा. हयसर दाब. हळू गो, पळान जाणा नाय तां!"

ती माझ्या शेजारी बाकावर बसायची. फोटो सापडायचे. त्यात मुलीचा एखादा जुना फोटो निघायचा, त्यावरून दुसरं काही निघायचं, मग चहा व्हायचा. दोघांचे फोन एकसारखेच असल्यामुळे मला सगळं न बघता सांगता यायचं. गावात मला कोणी कशात विचारत नाही. पण त्या बाकावर रोज दुपारी मी मोठा तज्ज्ञ होतो.

मग पुण्याचं एक तरुण जोडपं राहायला आलं. मी त्यांचे समुद्रावरचे फोटो काढून दिले. मुलाने आपल्या फोनवर आणखी बरेच काढले होते. जाताना तो म्हणाला, "काका, तुमच्या जाहिरातीला उपयोगी पडतील, एअरड्रॉप करतो." मी फोन पुढे केला. एअरड्रॉप आयफोनवरून फक्त आयफोनवरच होतं हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. त्याने तो बघितला आणि अगदी प्रेमाने म्हणाला, "अच्छा, तुमचा हा आहे का... असू दे, असू दे."

त्या 'असू दे'ने माझी रात्रीची माशाची कढी गोड लागेना. वाईट बोलला असता तर परवडलं असतं. मुलीला सांगितलं, तर ती फोनवर नाचलीच. "बाबा, फायनली! घ्याच." पुढच्या आठवड्यात घेतला.

डबा उघडत होतो तेव्हा बायको मागे उभी होती. "माका पण तसोच?" तिने विचारलं.

"तुझो बरो चलता मा," मी म्हणालो. मान वर न करता.

एवढंच. यात भांडण नाही, रुसवा नाही. पण आता मागे वळून बघताना मला तो डबा दिसत नाही, ती मागे उभी राहिली होती तेवढं दिसतं.

देवळातल्या भोंग्यानंतर थोड्या दिवसांनी तिच्या फोनात काहीतरी अपडेट आलं आणि त्याचं सगळं रूपच पालटलं. दुपारी ती नेहमीसारखी पडवीत आली. "अवो, ह्यां बगा मा."

मी बघितलं. मला काही ओळखू येईना. एवढ्यातच माझी बोटं नव्या फोनाची झाली होती. तिच्या फोनावर मी खालून वर ओढलं, बाजूने ढकललं, कुठेतरी दाबलं आणि पुढ्यात होतं तेही गेलं. "माझ्यात असा नाय," मी म्हणालो.

"तुमच्यात नसात. माझ्यात आसा."

तेव्हा मला साधं 'माका येणा नाय' म्हणता आलं असतं. पण तज्ज्ञाला ते जड जातं. मी म्हणालो, "जुन्या फोनांचा असाच असता."

तिने फोन घेतला, पदराने पुसला आणि आत गेली. त्यानंतर तिने तो माझ्यापुढे आणला नाही.

आमच्याकडे मासे घालणारी बाई बंदरावरून स्कूटरने येते. सकाळीच ती बायकोला टोपलीचा फोटो पाठवते, आज सौंदाळे आहेत, आज इसवण आहे, म्हणून. तिचाही फोन बायकोच्या जातीचा. आता दोघी मागच्या पायरीवर डोकं लावून बसू लागल्या. मी पडवीत, आणि मागून हसण्याचे आवाज.

एकदा मी सहज गेल्यासारखा गेलो. "काय चल्ला हा?"

"काय नाय, भाऊ," मासेवाली म्हणाली. "आमचे गरिबांचे फोन. तुमका नाय कळूचे."

बायको खाली बघून बांगडे मोजत होती. हसत होती की नाही ते कळलं नाही.

हळूहळू जेवणाच्या ताटाचे फोटो तीच पाहुण्यांना पाठवू लागली. वाटही तीच सांगायची, आणि माझ्यापेक्षा चांगली. माझ्या वाटेने आलेले लोक एकदा परस्पर देवगडच्या रस्त्याला लागले होते. मी दुपारी बाकावर एकटा बसून गुळगुळीत फोन चोळत राहायचो. फोन चांगलाच आहे. फोटो सुरेख येतात. पण ते शेजारी बसून बघायला कोणी नव्हतं, आणि माझ्या फोनावाचून कोणाचं काही अडत नव्हतं.

जुना फोन मी दिला नव्हता. देव्हाऱ्याखालच्या खणात, उदबत्त्यांच्या पुड्यांजवळ पडला होता. परवा दुपारी तो काढला, चार्ज केला. त्यालाही ते अपडेट आलं आणि तोही माझ्या ओळखीचा राहिला नाही. तो घेऊन मी मागच्या दारी गेलो. ती आडाळ्यावर बसून नारळ खवत होती.

"गो, ह्यां बग मा. ह्येच्यातले फोटो खंय गेले?"

तिने मान वर केली. "ह्यो परत काढलास? आणि तो मोठो?"

"खिशात आसा."

ती उठली. हात धुतले, पुसले. पायरीवर बसली आणि मला बाजूची जागा दाखवली. मग एक लांब सुस्कारा सोडला. तो सुस्कारा मी ओळखला; तो माझाच होता.

"हयसर दाबा. दाबा म्हटलंय, घासू नकात. हळू ओ, पळान जाणा नाय तां!"

फोटो सापडले. पहिलाच निघाला तो आमच्या मुलीचा, दोन वेण्यांतला, पुढचे दात पडलेला. जुन्या आल्बममधला, बायकोनेच कधीतरी ह्या फोनाने काढून ठेवलेला. आम्ही तो बराच वेळ बघितला. मग मी विचारलं, "ह्यां तुका कोणी शिकवल्यान? मासेवालीन?"

"तिका मी शिकवलंय."

"मगे माका कित्याक विचारी होतंस रोज?"

तिने फोनाची काच पदराने पुसली. "सगळा येत नाय होता. अर्ध्याअधिक येत होता. पण फोन घेवन इल्याशिवाय तुमी माझ्या बाजूक कधी बसत होतास? आता तो खिशातलो काढून लांब ठेवा आधी. नायतर परत पोलिसांक बोलवशात."